लढाईची गाडी आणि संत्र्याची पेटी

दिवाळीच्या सुमारास आमच्या नरखेड-काटोलकडच्या बागांतून आंबिया बहाराची संत्री रंग धरू लागतात. घरात फराळाचे डबे भरत असतात आणि बाहेर बागेत तोडणीची लगबग सुरू झालेली असते. ह्या दिवसांत मला हटकून एक वास आठवतो. ताज्या संत्र्याची साल, भाताचे तणस आणि जळके तेल ह्या तिहींचा मिळून तो झालेला असे. तो वास एका गाडीचा होता.

मी तेव्हा सात-आठ वर्षांचा असेन. म्हणजे १९५५-५६चा सुमार. माझे आजोळ नरखेडजवळच्या एका खेड्यात. तेथल्या एका बागायतदाराने माल वाहण्यासाठी जुनी मालमोटार घेतली होती. चपट्या नाकाची, बसक्या बांध्याची, समोरची काच वरच्या बाजूने पुढे झुकलेली अशी ती विचित्र गाडी होती. सगळे गाव तिला 'डिस्पोजल' म्हणत असे. फोर्ड, शेव्हरलेट यांसारखे हेही एखाद्या कारखान्याचे नाव असावे, अशी माझी पुढे कित्येक वर्षे समजूत होती! सकाळी ती सुरू करण्यासाठी ड्रायव्हरकाका पुढून लोखंडी हँडल घालून फिरवीत आणि आम्हा मुलांना ओरडून सांगत, "दूर सरका रे पोट्टेहो, लढाईची गाडी हाये, लाथ मारते!" हँडल उलटले तर मनगट मोडते, हे खरेच होते. पण आम्हांला वाटे, लढाईत शिकलेली ती तिची खोड असावी.

वाचकहो, ह्या लढाईच्या गाडीने संत्र्याची पेटी कशी उचलली, त्यासाठी तिला काय काय सोडावे लागले आणि तिला माणसाळवताना माणसांना काय मोजावे लागले, त्याची ही हकीकत आहे.

दुसऱ्या महायुद्धात जेवढी मोटारवाहने बनली तेवढी त्यापूर्वी जगाने कधी पाहिली नव्हती. एकट्या कॅनडाने आठ लाखांहून अधिक लष्करी गाड्या बांधल्या. अमेरिकेच्या जनरल मोटर्सने सहा चाकांच्या, अडीच टनी मालमोटारी साडेपाच लाखांच्या वर काढल्या आणि जीपगाड्यांची संख्या तर सहा लाखांच्या पलीकडे गेली. सेनापती आयझेनहॉवर यांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या युद्धस्मृतींत विजयाला सर्वांत उपयोगी पडलेली साधने सांगितली आहेत. त्यांत बुलडोझर, जीप, अडीच टनी मालमोटार आणि डकोटा विमान ही नावे येतात. आणि ह्यांतले एकही लढण्यासाठी म्हणून बनवलेले नव्हते, हेही ते नमूद करतात. हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. तोफेला नांगर बनवायचा तर ती वितळवावीच लागते. मालमोटारीचे तसे नाही. ती रणांगणावरही ओझेच वाहत होती. तिला नागरी जीवनात यायचे तर फक्त गणवेश उतरवायचा होता. पण हा गणवेश उतरवणे दिसते तेवढे सोपे नव्हते.

हिंदुस्थान हा ब्रह्मदेशाच्या मोहिमेचा तळ होता. आसामातील लेडोपासून चीनमधील कुनमिंगपर्यंत सुमारे १,७०० किलोमीटरचा रस्ता डोंगर-जंगलांतून काढला गेला आणि १९४५च्या फेब्रुवारीत त्या रस्त्याने पहिला तांडा कुनमिंगला पोहोचला. अशा कामासाठी आणलेल्या वाहनांनी, सुट्या भागांनी आणि टायरांनी देशातले लष्करी डेपो भरून गेले होते. ऑगस्ट १९४५मध्ये युद्ध संपले आणि एवढ्या सामानाचे करायचे काय, हा प्रश्न उभा राहिला. जुनी गाडी सातासमुद्रापार परत न्यायची तर भाडेच तिच्या मोलाहून जड. शेवटी १६ मे १९४६ रोजी अमेरिका आणि हिंदुस्थान सरकार यांच्यात उसनवार-भाडेपट्ट्याचा हिशेब मिटवणारा करार झाला आणि येथे उरलेले अमेरिकन सामान हिंदुस्थानच्या पदरात पडले. ब्रिटिश सैन्याचा वापरलेला मालही होताच. सरकारच्या विल्हेवाट खात्याने, म्हणजेच 'डिस्पोजल्स'ने, तो लिलावाने आणि निविदांनी विकायला काढला. पुढे ह्या खात्याचे नाव पुरवठा-खात्याशी जोडले गेले आणि ते जोडनाव थेट २०१७ साली कचेरी बंद होईपर्यंत टिकले. खेड्यापाड्यांत मात्र त्यातला एकच शब्द रुजला आणि तो गाडीचेच नाव होऊन बसला.

आता नरखेडकडे वळू. नागपूर जिल्ह्याच्या वायव्य टोकाचा हा मुलूख. पश्चिमेला वर्धा नदी, तिच्यापलीकडे वरुड-मोर्शीचा संत्र्याचा पट्टा, उत्तरेला हाकेच्या अंतरावर पांढुर्णा. मोवाड, जलालखेडा, सावरगाव ही त्यातली मोठी गावे. जमीन काळी, आणि पाऊस पडला की पांधणीत बैलाचे पाऊल घोट्याच्या वर रुतावे अशी चिकट. १९२०च्या दशकात नागपूर-इटारसी लोहमार्ग झाला आणि काटोल, नरखेड, पांढुर्णा ही स्टेशने त्यावर आली. संत्र्याला दूरची बाजारपेठ दिसली. पण बागेतून स्टेशनापर्यंतचा रस्ता बैलबंडीचाच राहिला.

संत्रे हा मोठा नाजूक माल. आंबा कच्चा तोडून अढीत पिकवता येतो. संत्रे झाडावरून उतरले की त्याची गोडी पुढे वाढत नाही, ते फक्त उतरणीला लागते. नागपुरी संत्र्याची साल सैल, म्हणून सोलायला सुखाची. पण त्याच कारणाने दाबाला आणि खरचटण्याला लवकर बळी पडणारी. पुन्हा तोडलेले फळ श्वास घेतच असते. ढीग बंदिस्त ठेवला तर आतून तापतो आणि एक नासके फळ शेजारच्या दहांना बिघडवते. बंडीची चाल ताशी तीन-चार किलोमीटर. नरखेडहून नागपूर ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. म्हणजे बैलांच्या विसाव्यासकट दोन-तीन दिवसांची मजल. स्टेशन गाठले तरी वाघीण केव्हा मिळेल ती खरी. माल नासू लागला की बागायतदाराच्या तोंडचा भावही नासू लागतो, आणि समोरच्या खरेदीदाराला ते पुरते ठाऊक असते. उलट तीन टनी मालमोटार बागेच्या तोंडाशी उभी राहिली, तर चार-पाच तासांत नागपूर. एका संत्र्याचे वजन दीडशे ग्रॅम धरले तर तीन टनांत वीस हजार फळे झाली. ज्याच्या दाराशी अशी गाडी, त्याला भाव पसंत नसेल तर 'नाही' म्हणता येई. त्या चपट्या नाकाच्या गाडीची किंमत तिथे होती.

पण लिलावातून आलेली गाडी तशीच्या तशी संत्र्याला जोडता येत नसे. तिचा एकेक अवयव कुठल्या तरी लष्करी कारणाने घडलेला होता. आमच्या गावच्या गाडीची काच पुढे झुकलेली होती ती शोभेसाठी नव्हे. तिच्यावरची उन्हाची चकाकी आकाशातल्या शत्रूच्या विमानाला दिसू नये म्हणून कॅनडातल्या कारखान्यांनी १९४०च्या दशकाच्या आरंभी ही तऱ्हा काढली होती. नाक चपटे होते, कारण जहाजात आणि रस्त्यावरच्या तांड्यात प्रत्येक वितीचा हिशेब होता. त्यामुळे अर्धे इंजिन ड्रायव्हरच्या मांडीशी आलेले. उन्हाळ्यात त्या खोपटात बसणे म्हणजे चुलीला टेकून बसणे. अमेरिकन जीएमसीचे नाक लांब आणि बसणे सुखाचे, पण तिचे चक्र डाव्या हाताला. आपल्या रस्त्यावर पुढची बंडी ओलांडायची तर क्लीनरने मान बाहेर काढून वाट मोकळी असल्याची ग्वाही द्यायची. कॅनडाच्या गाड्या ब्रिटिश सैन्यासाठी बनलेल्या, म्हणून उजव्या हाताच्या.

पहिला प्रश्न चारही चाकांना मिळणाऱ्या जोराचा. चिखलात ते वरदान. डांबरी रस्त्यावर मात्र पुढच्या चाकांचा दांडा उगाच फिरतो, पेट्रोल पितो आणि झिजतो. ज्याला पक्क्या रस्त्यावरच धंदा करायचा तो हा दांडा काढूनच टाकी. ज्याच्या बागा पांधणीच्या आत होत्या, त्याला परतीच्या पावसानंतर आंबिया बहार बाहेर काढायचा तर तो ठेवणे भाग. दुसरा प्रश्न टायरांचा. खोल खाचांचे लष्करी टायर पक्क्या रस्त्यावर गुरगुरत आणि लवकर गुळगुळीत होत. ते बदलावे लागत. तिसरा हौद्याचा. लष्करी हौदा ठेंगणा आणि जड. तो उतरवून त्या जागी सुतार लाकडी हौदा बसवी. आमच्या बाजूला सागवानाला तोटा नव्हता. बाजूच्या फळ्यांमध्ये दोन बोटांची फट ठेवायची. माल श्वास घेतो ना! मागचा फाळका बिजागरीवर खाली पडणारा. वर ताडपत्री, पण पुढून वारा शिरून मागून निघेल अशी बांधलेली. खाली तणसाची गादी, तिच्यावर सालईच्या हलक्या फळ्यांच्या पेट्या, आणि पेट्या न मिळाल्या तर सुट्या फळांचे थर.

आणि मग कमानपाटे. लष्करी गाडीचे पाटे दारूगोळ्याच्या हिशेबाने ताठ असत. तोफगोळ्याला खड्ड्याचे दुःख नसते, संत्र्याला असते. पाटे कमी केले तर भरल्या ओझ्याखाली गाडी बसते. तसेच ठेवले तर खालचा थर चेचतो. मधला मार्ग प्रत्येक मिस्त्री आपापल्या अनुभवाने काढी. कुठल्याही पुस्तकात तो लिहिलेला नव्हता. नागपूरला उतरवलेल्या मालात तळाची किती फळे दबली, हे मोजूनच पुढच्या खेपेला एक पाटा घालायचा की काढायचा ते ठरे. गाडीचा खरा परीक्षक तो तळाचा थर होता.

सर्वांत मोठी शस्त्रक्रिया इंजिनाची. ह्या गाड्या पेट्रोलच्या, आणि लढाईत पेट्रोलचा हिशेब कोणी विचारला नव्हता. एका लिटरला तीन-चार किलोमीटर म्हणजे संत्र्याचा नफा धुरातच जायचा. म्हणून पुष्कळांनी पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवले. विलायतेतील पर्किन्स कंपनीची सहा सिलिंडरची इंजिने अशा बदलासाठी जगभर वापरली जात. १९५०च्या दशकात मद्रासच्या सिम्पसन कंपनीने ती येथे बनवायला घेतली. पण डिझेल इंजिन वजनाने भारी, बांध्याने वेगळे आणि फेऱ्यांनी मंद. त्याला पेलणारे पाये नव्याने घडवायचे, गिअरपेटीशी त्याची सांधेजोड करायची, आणि गाडीचा वेग घटला तर तो निमूट मान्य करायचा. त्यात पान्यांचा घोळ निराळाच. विलायती मापाचे पाने अमेरिकन नटाला बसत नसत. एखादा सूतभर सैल, दुसरा सूतभर घट्ट. सुटे भाग संपू लागले तसे लोक दोन मेलेल्या गाड्या घेऊन एक जिवंत उभी करू लागले.

रस्त्यावर हे चालू असताना नागपूरच्या आकाशातही हीच गोष्ट घडत होती. आयझेनहॉवरांच्या यादीतले डकोटा विमान म्हणजे आकाशातली मालमोटारच. मागच्या बाजूला रुंद दुहेरी दार, मजबूत तळ, ओझे जखडायला कड्या, आणि पावणेतीन टनांच्या घरात माल. युद्धानंतर अशी कितीतरी विमाने विक्रीला निघाली. नव्या विमान-कंपन्यांनी ती घेतली आणि बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टने अनेक विमाने डागडुजी करून नागरी कामाला लायक केली. ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची हवाई टपाल योजना सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास येथून रात्री निघालेली डकोटा विमाने मध्यरात्रीनंतर नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या घरी परतत. हिमालयन एव्हिएशन, डेक्कन एअरवेज अशा कंपन्यांनी हे काम केले. १ ऑगस्ट १९५३ रोजी विमान-वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर ते इंडियन एअरलाइन्सकडे गेले. ज्या सोनेगावला युद्धकाळी ब्रिटिश हवाई दलाची विमाने उतरत, तेथेच आता कुणाच्या लग्नाच्या चिठ्ठ्या आणि नोकरीचे हुकूम उतरू लागले. मला ते फार आवडते.

पण एवढेच सांगून थांबलो तर ही हकीकत अर्धीच राहील.

आमच्या गावच्या गाडीचा हौदा एका हंगामात लांबवण्यात आला. सांगाड्याच्या मागे दोन-अडीच हात वाढ देऊन त्यावर आणखी पेट्या रचायची सोय केली. त्या वर्षी भाव चढे होते आणि प्रत्येक जास्तीची पेटी म्हणजे हातात पैसा. ड्रायव्हरकाकांनी नको म्हटले होते. ते स्वतः लढाईतून परतलेले. ब्रह्मदेशाच्या रस्त्यांवर लष्कराच्या गाड्या चालवून आलेले. मागच्या आसापलीकडे ओझे गेले की तराजूसारखे पुढचे टोक हलके होते, आणि चढावर पुढची चाके जमीन नीट धरत नाहीत, एवढे त्यांना पुरते कळत होते. पण मालकाच्या शब्दापुढे त्यांचे चालले नाही. गावाबाहेरच्या नाल्यातून वर चढताना चक्र फिरवूनही गाडी वळली नाही आणि कुशीवर कलंडली. आम्ही मुले धावत गेलो तेव्हा नाल्याच्या पाण्यात पिवळी संत्री तरंगत होती आणि काका काठावर बसलेले होते, मांडी धरून. मांडीचे हाड मोडले होते. जपान्यांच्या तोफांतून धड आलेला माणूस संत्र्याच्या ओझ्याखाली कायमचा लंगडा झाला.

पुढे मी एकदा त्यांना विचारले होते, लढाईत जास्त भीती वाटे की इथे? ते म्हणाले, "तिथं वजन साहेब ठरवे बाप्पा. इथं भाव ठरवते."

ह्या एका वाक्यात मोटार-कायद्याचे अर्धे मर्म आहे. १ जुलै १९३९पासून अंमलात आलेल्या मोटार वाहन कायद्याने प्रत्येक मालवाहू गाडीचे भरल्या स्थितीतले कमाल वजन नोंदवणे, तिची योग्यता तपासून दाखला घेणे आणि परवाना काढणे बंधनकारक केले होते. गाडीत फेरबदल केला तर तो कळवायचा, असाही नियम होता. खेड्यात हे सारे कटकटीचे वाटे. कचेरीत पडणाऱ्या हेलपाट्यांनी ते तसे वाटायला कारणही मिळे. त्यातून १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेरमांडणी झाली. तोवर नरखेड आणि पांढुर्णा एकाच मध्य प्रदेशात होते. त्या दिवसापासून नरखेड मुंबई राज्यात आले आणि शेजारचे पांढुर्णा परराज्य झाले. पण वजनाचा तो आकडा गाडीच्या दारावर रंगवायला लावणारा नियम कटकटीसाठी नव्हता. भावाच्या तोंडावर कोणीतरी 'साहेब' उभा असावा, म्हणून तो होता.

डिस्पोजल गाड्यांचे युग फार टिकले नाही. १९५४ साली जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज-बेंझच्या डिझेल मालमोटारी निघू लागल्या. नव्या गाडीला सुटे भाग मिळत, तिचा हौदा पहिल्यापासून मालासाठीच आखलेला असे. जुन्या गाड्या एकेक करून भंगारात गेल्या. आज नरखेडची संत्री प्लॅस्टिकच्या जाळीदार पेट्यांतून, नव्या गाड्यांतून जातात. आणि १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम कारखान्याने ठरवलेल्या घडणीपलीकडे गाडी बदलू देत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९मध्ये ह्या कलमाचा तसाच कडक अर्थ लावला. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. नाल्याकाठचे ते दृश्य पाहिलेला माणूस दुसरे काय म्हणणार?

तरीही दिवाळीत संत्रे सोलताना मला त्या सुतार-लोहार-मिस्त्र्यांची आठवण होते. ज्यांनी ह्या गाड्या बांधल्या त्या कंपन्यांची नावे इतिहासात आहेत. ज्यांनी त्यांना फळाचा श्वास आणि खड्ड्याचे दुःख समजावले, त्यांची नावे कुठे लिहिलेली नाहीत. सैन्याच्या ओझ्यासाठी बनलेल्या यंत्राला त्यांनी संत्र्याचे ओझे जपायला शिकवले. जिथे त्यांचे ऐकले गेले तिथे ते साधले, आणि जिथे भावाचे ऐकले गेले तिथे नाल्यात संत्री तरंगली.

त्या गाडीच्या मागच्या आसाच्या मधोमध एक पांढरा ठिपका होता, ताटलीएवढा. बाकी सगळा रंग बदलला, तो मात्र पुसट होऊन राहिला होता. आम्ही मुले खाली वाकून तो पाहत असू. काकांनी एकदा त्याचा अर्थ सांगितला. लढाईत रात्री दिवे लावायची बंदी. तेव्हा गाडीच्या पोटाखाली एक मिणमिणता दिवा फक्त ह्या ठिपक्यावर पडे. वरून विमानाला काही दिसत नसे, पण मागच्या ड्रायव्हरला तेवढा ठिपका दिसे. त्याच्यावर नजर ठेवून एकामागून एक गाड्या अंधारातून वाट काढीत.

"पुढच्याचा ठिपका दिसला की झालं," काका म्हणाले, "रस्ता दिसायची गरज नाही."